वाचक विचारतात : संरक्षणाच्या मागण्या आणि खासदारांचं 'होय'

अर्थसंकल्प झाला की या सदराकडे प्राप्तिकराच्या प्रश्नांचा पाऊस पडतो. या खेपेला मात्र सैन्यावरच्या खर्चाबद्दल इतकी पत्रं आली की प्राप्तिकर पुढच्या अंकावर ढकलला आहे. दिल्लीत वार्ताहर असताना लोकसभेच्या पत्रकार कक्षात बसून मागण्या (म्हणजे मंत्रालयांच्या खर्चासाठी सरकारने लोकसभेकडे मागितलेल्या रकमा) मंजूर होताना मी पाहिल्या आहेत, त्यामुळे उत्तरांत थोडा तिरकसपणा आला तर सांभाळून घ्या.

ताई, मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमचे खासदार गावातल्या सत्कारात म्हणाले, "सैन्याच्या बजेटला मी मत दिलंय." नातवाने लोकसभेचं संकेतस्थळ पालथं घातलं, पण त्यांच्या नावापुढे असं मत कुठंच सापडलं नाही. माणूस खोटं बोलला का?
– एक निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

नाही सुभेदारसाहेब, खोटं म्हणता येणार नाही. पण ते खरं बोलले हेही तुम्हाला किंवा मला सिद्ध करता येणार नाही, कारण ते मत आवाजी असतं.

होतं असं. अध्यक्ष मागण्यांचे क्रमांक वाचतात, प्रश्न मतास टाकतात. जे अनुकूल आहेत त्यांनी 'होय' म्हणावं, जे प्रतिकूल आहेत त्यांनी 'नाही'. दोन्हीकडून आवाज उठतो आणि होयकारांचं बहुमत असल्याचं अध्यक्ष जाहीर करतात. त्या आवाजात तुमच्या खासदारांचा आवाज होता की ते त्या वेळी बाहेर चहा पीत होते, याची नोंद कुठंच होत नाही. एखाद्या सदस्याने निर्णयाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात, बटणं दाबली जातात आणि मग नावं छापली जातात. संरक्षणाच्या मागण्यांवर ती मागणार कोण? सरकारकडे बहुमत असतं, त्याला गरज नाही. आणि सैन्याच्या पैशाला 'नाही' म्हटल्याची यादी आपल्याच हाताने तयार करायची हौस विरोधकांनाही नसते.

बरं, नावं छापली गेली असती तरी तुम्हाला फारसं काही कळलं नसतं. १९८५ साली पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट घटनेत आलं. तेव्हापासून पक्षादेश मोडून मत दिलं, किंवा नुसतं गैरहजर राहिलं, तरी खासदारकी जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचते. मागण्या मंजूर व्हायच्या दिवशी सत्ताधारी पक्ष आपल्या खासदारांवर पक्षादेश काढतो. तेव्हा तुमचे खासदार सत्ताधारी पक्षाचे असतील तर त्यांचं 'होय' पक्षाच्या कार्यालयात आधीच ठरलेलं होतं.

आता 'सैन्याचं बजेट' असं जे ते म्हणाले, ती एक वस्तू नाही. लोकसभेपुढे चार वेगवेगळ्या मागण्या येतात. २०२५-२६ मध्ये क्रमांक १९ ही संरक्षण मंत्रालयाच्या नागरी खर्चाची, सुमारे २८,६८३ कोटींची. तटरक्षक दल आणि सीमा रस्ते संघटना तिच्यात येतात. क्रमांक २० ही सेनादलांच्या महसुली खर्चाची, म्हणजे पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती यांची : ३ लाख ११ हजार ७३२ कोटी. क्रमांक २१ भांडवली, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा, बांधकामं : १ लाख ८० हजार कोटी. आणि क्रमांक २२ म्हणजे तुम्ही, सुभेदारसाहेब. निवृत्तिवेतन, १ लाख ६० हजार ७९५ कोटी. चारही मिळून ६ लाख ८१ हजार २१० कोटी. केंद्राच्या एकूण खर्चात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास.

सत्काराच्या व्यासपीठावरून 'विक्रमी तरतूद' असा शब्द आला की तो बहुधा या चारांच्या बेरजेबद्दल असतो. नव्या शस्त्रांचा पैसा फक्त एकविसाव्या मागणीत असतो, आणि त्यातलाही बराचसा आधीच केलेल्या करारांच्या हप्त्यांत जातो.

कपात प्रस्ताव तीन प्रकारचे, हे पाठ आहे. पण खासदाराला सैन्यासाठी जास्त पैसे हवे असतील तर कोणता प्रस्ताव मांडायचा? पुस्तकात सापडत नाही.
– स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, नागपूर

पुस्तकात सापडणार नाही, कारण तसा प्रस्तावच नाही. घटनेचं ११३वं कलम काढून बघा. मागणी मान्य करणं, नाकारणं किंवा कमी करणं एवढेच अधिकार लोकसभेला आहेत. वाढवणं नाही. शिवाय राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मागणी मांडताच येत नाही, म्हणजे पैसे मागायचा हक्क फक्त सरकारचा. पाणबुड्या कमी पडताहेत असं तळमळीने वाटणारा खासदार सरकारने मागितलेल्या रकमेत एक रुपयाही घालू शकत नाही.

त्यामुळे इथे उलटा शिरस्ता आहे. सैन्याला जास्त द्या म्हणायचं असेल तर प्रस्ताव कपातीचाच मांडावा लागतो. 'मागणीतून शंभर रुपये कमी करावेत' अशी नाममात्र कपात सुचवायची आणि कारण लिहायचं : अमुक शस्त्राच्या खरेदीतली दिरंगाई. शंभर रुपयांशी कुणालाच देणंघेणं नसतं. त्या निमित्ताने विषय कामकाजपत्रिकेवर येतो. बाकीचे दोन तुम्हाला पाठ आहेतच : धोरणच नामंजूर असेल तर मागणी एक रुपयावर आणा, आणि काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कमी करा.

शिकवणीत हेही सांगितलं असेल की कपात प्रस्ताव मंजूर झाला तर सरकार पडतं. राज्यघटनेत असं कलम नाही, पण जे सरकार आपल्या खर्चाची मागणी लोकसभेतून शाबूत बाहेर काढू शकत नाही त्याने सभागृहाचा विश्वास गमावला, असं मानायची रीत आहे. म्हणूनच २७ एप्रिल २०१० रोजी इंधन दरवाढीवरून विरोधकांनी कपात प्रस्तावावर मतविभागणी मागितली तेव्हा दिल्लीत विश्वासदर्शक ठरावाचं वातावरण होतं. प्रस्ताव २०१ विरुद्ध २८९ मतांनी फेटाळला गेला. माझं मत विचाराल तर हीच रीत या हत्याराच्या मुळावर आली आहे. शंभर रुपयांच्या कपातीला सरकारच्या जीवनमरणाचा प्रश्न केला की सत्ताधारी बाकांवरचा माणूस, मग तो स्वतः माजी सेनाधिकारी का असेना, तिला हात लावत नाही.

राज्यसभा संरक्षण खर्च नाकारू शकते का?
– एक वाचक, परभणी

नाही. मागण्यांवर मतदान फक्त लोकसभेत होतं. त्यानंतरचं विनियोजन विधेयक (मंजूर पैसा तिजोरीतून काढायची परवानगी देणारं) हे धनविधेयक असल्याने राज्यसभेने ते चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींशिवाय परत पाठवायचं असतं, आणि शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. राज्यसभेच्या सदस्यांना खरा वाव समितीत आहे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

मी नागरिकशास्त्र शिकवतो. मुलांना सांगतो की संसद पै-पैचा हिशेब मागते. मग वर्तमानपत्रात वाचतो की लाखो कोटींच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. आता वर्गात काय सांगू?
– माध्यमिक शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

सर, दोन्ही सांगा. फक्त जागा वेगवेगळ्या आहेत हे सांगा.

आधी चर्चेविना मंजुरीचं. मंत्रालयं पन्नासच्या वर, दिवस मोजके. म्हणून कामकाज सल्लागार समिती दरवर्षी चार-पाच मंत्रालयं चर्चेसाठी निवडते. उरलेल्यांच्या मागण्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी अध्यक्ष एकगठ्ठा मतास टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. निवडलेल्या चार-पाचांत संरक्षण असेलच असं नाही. आणि सभागृह चालतच नसेल तर निवडलेली मंत्रालयंही गिलोटिनखाली जातात. २३ मार्च २०२३ रोजी तेच झालं. दिवसभर गोंधळ, सभागृह संध्याकाळी सहापर्यंत तहकूब, आणि परत बसल्यावर सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च चर्चेविना काही मिनिटांत मंजूर. संरक्षणाच्या चारही मागण्या त्यातच होत्या.

पण मला जास्त लागलं ते २०१८चं. त्या वर्षी १३ मार्चला संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने आपला अहवाल सभागृहात ठेवला. समितीचे अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी. निवृत्त मेजर जनरल, उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री आणि सत्ताधारी भाजपचेच खासदार. समितीपुढे लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरतचंद यांची साक्ष झाली होती. या अर्थसंकल्पाने आमच्या आशांवर पाणी फेरलं, असं त्यांनी समितीला सांगितलं होतं. लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू पिढीची आणि अत्याधुनिक केवळ ८ टक्के. खरं तर तिन्ही गटांत एक-एक तृतीयांश असायला हवी. आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी, आणि आधीच्या १२५ योजनांचे ठरलेले हप्तेच २९,०३३ कोटींचे. म्हणजे नवं काही घेणं दूरच, जुनी देणी भागवायलाच पैसे अपुरे. सेवेतला जनरल हे चौकात बोलू शकत नाही, वर्तमानपत्रात लिहू शकत नाही. समितीच्या बंद खोलीत, खासदारांनी विचारलं म्हणून बोलू शकला, आणि समितीने ते छापलं म्हणून तुमच्या-माझ्यापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी, १४ मार्चला, लोकसभेने त्या वर्षीच्या सगळ्या मंत्रालयांच्या सगळ्या मागण्या गिलोटिनने मंजूर केल्या. बँक घोटाळा, आंध्रचा विशेष दर्जा अशा विषयांवरून सभागृह आठवडाभर बंद पडलेलं होतं. वित्त विधेयकासकट सारं साधारण अर्ध्या तासात उरकलं. अहवाल छापून आल्याला चोवीस तास झाले होते, आणि तो वाचून कुणी एक वाक्य बोलेल अशी सोयच उरली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खंडुरींच्या जागी समितीला दुसरे अध्यक्ष आले.

तर सर, संसद हिशेब मागते, पण समितीच्या खोलीत. या विभागवार स्थायी समित्या १९९३ साली सुरू झाल्या. एकेका समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. अर्थसंकल्पी अधिवेशनात मध्ये जी सुट्टी असते ती खासदारांच्या आरामासाठी नसून समित्यांनी मागण्या तपासाव्यात म्हणून असते. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे तिथे सदस्य पक्षाचा झेंडा बाहेर ठेवून प्रश्न विचारतात, असा निदान माझा अनुभव आहे. विरोधी पक्षाच्या खासदाराने विचारलेल्या अडचणीच्या प्रश्नाला सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने उपप्रश्न जोडून सचिवांना घाम फोडल्याच्या कहाण्या मी नंतर दोघांच्याही तोंडून ऐकल्या आहेत.

उणीव अशी की समितीच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. त्यात आणखी एक नियम आहे जो मला कधी पटलेला नाही : समितीने आपल्या अहवालात कपात प्रस्तावाच्या स्वरूपाचं काहीही सुचवायचं नाही. ज्यांनी महिनाभर कागद चाळले त्यांनी रकमेला हात लावायचा नाही, आणि ज्यांनी चाळले नाहीत त्यांनी तिला आवाजी होकार द्यायचा. मुलांना हा विरोधाभास दाखवा. परीक्षेत येणार नाही, पण लक्षात राहील.

ताई, माझा मुलगा न्यूजर्सीत असतो. तो म्हणतो, त्यांच्याकडे संरक्षण विधेयकावर प्रत्येक खासदाराचं मत नावानिशी कळतं. आपल्यापेक्षा ते बरं नाही का?
– एक आई, ठाणे

कळतं हे खरं. बरं आहे का, याचं उत्तर थोडं लांबेल.

अमेरिकेत दरवर्षी संरक्षणाचा एक स्वतंत्र धोरण-कायदा होतो, त्याला राष्ट्रीय संरक्षण अधिकृतता कायदा म्हणतात. १९६१पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. किती विमानं घ्यायची, सैनिकांचा पगार किती वाढवायचा, कोणतं जहाज निवृत्त करायचं नाही, सगळं त्यात येतं. आपल्या खासदारांना एक रुपया वाढवता येत नाही, तर तिथले लोकप्रतिनिधी सरकारने मागितल्यापेक्षा जास्त देऊन मोकळे होतात. २०२२च्या डिसेंबरात त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या मागणीत सुमारे ४५ अब्ज डॉलरची भर घालून ८५८ अब्जांचं विधेयक मंजूर केलं. प्रतिनिधिगृहात ३५० विरुद्ध ८०, सिनेटमध्ये ८३ विरुद्ध ११.

पण मुलाला एवढं विचारा की त्या विधेयकाने पैसे मिळाले का? नाही मिळत. ती नुसती मान्यता. लग्नाच्या खरेदीची यादी सगळ्यांनी मिळून पक्की केली, पैसे अजून कपाटातच आहेत, तसं. ते काढायला वेगळं विनियोजन विधेयक लागतं, ते वेगळी समिती लिहिते, आणि त्याला उशीर होतो. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. २०२३च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या वर्षाचं संरक्षण विनियोजन मंजूर झालं २०२४च्या मार्चमध्ये. वरातीमागून घोडं. तोवर मागच्या वर्षीच्या दराने कारभार आणि नव्या कामांना जवळपास मनाई.

आता नावानिशी मताबद्दल. २०२३च्या जुलैत प्रतिनिधिगृहाने हे विधेयक २१९ विरुद्ध २१० असं कसंबसं पार केलं. डिसेंबरात त्याच वर्षाचं अंतिम विधेयक त्याच गृहात ३१० विरुद्ध ११८ मतांनी मंजूर झालं. मधल्या पाच महिन्यांत शंभरएक लोकांना सैन्याबद्दल अचानक प्रेम वाटू लागलं का? तसं काही नाही. जुलैच्या मसुद्यात रिपब्लिकनांनी गर्भपातासाठी प्रवास करणाऱ्या सैनिक स्त्रियांचा प्रवासखर्च बंद करण्यासारख्या तरतुदी घातल्या होत्या, म्हणून डेमोक्रॅट विरोधात गेले. डिसेंबरात त्या तरतुदी गळल्या, डेमोक्रॅट आले आणि उलट काही कडवे रिपब्लिकन बाहेर पडले. हजारो पानांचं विधेयक, त्याच्यावर शेवटी एकच मत. जुलैत 'नाही' म्हणणाऱ्या बाईबद्दल प्रचारात 'हिने सैनिकांच्या पगारवाढीला विरोध केला' असं म्हणता येतं आणि ते शब्दशः खरंही असतं.

दुसरं, तिथे पक्षादेश मोडला तर खासदारकी जात नाही, म्हणून लोकप्रतिनिधी मोकळेपणाने मत देतात हे खरं. पण मोकळा माणूस आपल्या मतदारसंघाचा गुलाम होतो. २०१२मध्ये तिथले लष्करप्रमुख जनरल ओडिएर्नो यांनी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, स्पष्ट सांगितलं होतं की आम्हाला सध्या आणखी अब्राम्स रणगाडे नकोत. काँग्रेसने तरी पैसे दिले. तो रणगाडा ओहायो राज्यातल्या लायमाच्या एकाच कारखान्यात तयार होतो आणि त्याचे सुटे भाग पुरवणारे अनेक राज्यांत पसरले आहेत. लष्करी तळ बंद करायचे तर कुणीच आपल्या भागातल्या तळावर मत देईना, म्हणून शेवटी त्यांनी युक्ती काढली. स्वतंत्र आयोगाने यादी करायची, आणि काँग्रेसने ती पूर्ण घ्यायची किंवा पूर्ण फेकायची, मधलं एकही नाव काढायचं नाही. १९८८ ते २००५ अशा पाच फेऱ्या झाल्या. त्यानंतर संरक्षण खात्याने पुन्हा पुन्हा मागूनही काँग्रेसने सहावी फेरी दिलेली नाही.

मला तिथली एक गोष्ट मात्र मनापासून हवीशी वाटते. डिसेंबर २०२०मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्यांची तक्रार होती समाजमाध्यम कंपन्यांना संरक्षण देणाऱ्या एका वेगळ्याच कायद्याबद्दल, आणि गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतींची तळांना दिलेली नावं बदलण्याबद्दल. प्रतिनिधिगृहाने ३२२ विरुद्ध ८७ मतांनी आणि सिनेटने १ जानेवारी २०२१ रोजी ८१ विरुद्ध १३ मतांनी तो नकार मोडून काढला. त्यात त्यांच्याच पक्षाचे कितीतरी सदस्य होते. आपल्या नेत्याविरुद्ध मत देऊन दुसऱ्या दिवशी खुर्चीवर असणं, ही चैन आपल्या खासदाराला परवडत नाही.

आमच्या घरात दोन पिढ्या आयुध निर्माणीत. २०२१ साली निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या. एवढ्या मोठ्या निर्णयावर आमच्या खासदाराने काय मत दिलं होतं?
– निर्माणी कर्मचाऱ्याची मुलगी, भंडारा

दिलंच नाही, कारण ते घेतलंच गेलं नाही. ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या करायचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१मध्ये घेतला आणि १ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. संघटनांनी संपाचा इशारा दिला होता, म्हणून संप रोखणारा अध्यादेश जूनअखेरीस निघाला. त्याची जागा घेणारं अत्यावश्यक संरक्षण सेवा विधेयक जुलैमध्ये संसदेत आलं आणि ऑगस्टमध्ये गोंधळात आवाजी मतदानाने संमत झालं. म्हणजे निर्माण्यांचं काय करायचं यावर संसदेचं मत नाही. त्याविरुद्ध संप करता येईल का, यावर आहे.

आपल्याकडे संरक्षणाचं बहुतेक धोरण असंच ठरतं. जून २०२२मधली अग्निपथ योजना कुठल्या विधेयकाने आली नाही. तिन्ही दलांसाठी मिळून संरक्षण दलप्रमुख हे पद २०१९च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने निर्माण केलं. कायदा लागतो तेव्हा सरकार संसदेपुढे येतं. २०२३ साली संयुक्त दलांच्या कमांडरांना तिन्ही दलांच्या जवानांवर शिस्तभंगाची कारवाई करता यावी म्हणून विधेयक आणावं लागलं, कारण भूदल, नौदल, वायुदल यांचे कायदे वेगवेगळे आहेत. बाकी प्रश्नोत्तरं, अल्पकालीन चर्चा, आणि पुन्हा ती समिती. तुमच्या खासदाराला मत विचारू नका, त्यांनी त्या काळात या विषयावर किती लेखी प्रश्न विचारले ते विचारा. प्रश्नांची नोंद नावानिशी आहे, आणि ती शोधायला सोपी आहे.

विरोधी पक्षाने संरक्षणाच्या मागणीवर टीका केली की लगेच 'हे सैन्याच्या विरोधात' असं सुरू होतं. युद्धाच्या काळात तरी सर्वांनी गप्प बसावं, असं नाही का वाटत?
– एक ज्येष्ठ वाचक, पुणे

नाही वाटत. १९६२च्या नोव्हेंबरात चिनी फौजा आत घुसलेल्या असताना लोकसभेत दिवसचे दिवस चर्चा चालली. लक्ष्मीमल सिंघवी यांनी गुप्त बैठकीची सूचना केली होती. लोकांना कळलं पाहिजे म्हणून नेहरूंनी ती मानली नाही. त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते कामकाजाच्या छापील वृत्तांतात आहे. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्याआधीच जावं लागलं होतं, आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षण खातं सांभाळायला गेले. १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हाकलण्याचा ठराव सर्व सदस्यांनी उभं राहून संमत केला. तोच आठवडा, तीच माणसं. टीकाही केली आणि उभेही राहिले.

पुढच्या महिन्यात आमचे खासदार गावात येणार आहेत. संरक्षण खर्चाबद्दल त्यांना नेमकं काय विचारू? उगाच तावातावाने बोलायचं नाही.
– बचत गटाची अध्यक्ष आणि एका जवानाची पत्नी, बीड जिल्हा

'मत दिलं का' हे विचारू नका, त्याचं उत्तर 'हो'च येणार. हे विचारा : तुम्ही संरक्षण समितीवर आहात का, नसाल तर कोणत्या समितीवर आहात आणि तिच्या किती बैठकांना गेलात? हजेरी अहवालामागे जोडलेल्या इतिवृत्तात छापलेली असते, म्हणजे उत्तर पडताळता येतं. मग विचारा की या वर्षी कुठल्याही मागणीवर कपात सूचना दिली होती का. सत्ताधारी असतील तर दिलेली नसणार, तेव्हा लेखी प्रश्नांबद्दल विचारा. जवानांच्या कुटुंबांसाठीच्या घरांबद्दल, आरोग्य योजनेबद्दल, तुम्हाला जे भेडसावतं त्याबद्दल.

आणि जायच्या आधी मुलांकडून संसदेच्या संकेतस्थळावरून समितीचा 'कृती अहवाल' उतरवून घ्या. समितीच्या शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, आणि त्यानंतर समिती हा दुसरा अहवाल काढते. पाच प्रकरणं असतात. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या, पाचव्यात अंतिम उत्तराची वाट पाहणाऱ्या. तुम्ही चौथं आधी उघडा. सरकारने दिलेलं जे उत्तर समितीला पटलं नाही, ते सगळं तिथे असतं.